पांढरे मोजे आणि मागची खोली

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. पत्र उभ्याने वाच नाहीतर बसून वाच, पण चहाचा कप आधी खाली ठेव. पुढचं वाक्य ऐकायची तू तीस वर्षं वाट बघतोयस.

तुझा पंप घेऊन ये.

हो, मीच लिहितेय. तुला जन्मभर धूरवाला म्हणून चिडवणारी मीच. कुत्र्यांच्या पाळणाघराच्या फाटकावर ‘इथे कोणतेही औषध फवारले जात नाही’ अशी पाटी लावणारी, आणि तू यायचा असलास की ती मुद्दाम ओल्या फडक्याने पुसून चकचकीत करणारीही मीच. हात टेकले बाबा. घरात पिसवा झाल्यात.

दोन-चार असत्या तर तुझ्या नाकावर टिच्चून मी एकटीने निस्तरलं असतं. पण त्या भिंत ओलांडून शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानात पोचल्या. माप द्यायला ताठ उभी राहिलेली गिऱ्हाइकं मध्येच वाकून घोटे खाजवतात आणि काकांचं माप चुकतं. एका गृहस्थांची पँट चार बोटं आखूड झाली. ते काकांवर ओरडले, काका माझ्यावर ओरडले, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून काकांनी आरोग्य खात्याला अर्ज केला.

काल नोटीस आली. १० मार्चला निरीक्षकबाई येणार. घरात पिसू सापडली तर परवान्याचं नूतनीकरण नाही, आणि परवाना नाही म्हणजे पाळणाघर बंद. बावीस वर्षं, दादा! लोक गावाला जाताना आपलं कुत्रं माझ्याकडे सोडतात आणि मागे वळूनसुद्धा बघत नाहीत, इतका विश्वास. आत्ता अकरा जणं आहेत. ही सगळी गेली तर मी सकाळी उठून करू काय?

फोनच केला असता, पण तूच फर्मान काढलंस ना, फोनवर तू कमी आणि कुत्रीच जास्त बोलतात, यापुढे पत्र लिही. घे, लिहिलं. आता ये.

तुझी,
चिमी


७ फेब्रुवारी

चिमे,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. चौथ्यांदा भागीदाराला मोठ्याने वाचून दाखवलं. पाचव्यांदा वाचायला घेतलं तेव्हा तो दुकानाबाहेर निघून गेला. ‘तुझा पंप घेऊन ये’ या ओळीखाली मी लाल शाईने रेघ मारलीय. फ्रेम करावी म्हणतो.

पण येणं जमायचं नाही गं. कामाचा नुसता ढीग पडलाय. पिठाच्या गिरणीत झुरळं, मुलींच्या वसतिगृहात ढेकूण, एका वकिलांच्या कपाटात वाळवी. मान वर करायला फुरसत नाही. रागावू नकोस.

तरी घाबरू नकोस. पिसूला मी तुझ्यापेक्षा जवळून ओळखतो. पहिली गोष्ट, कुत्र्यांच्या अंगावर दिसतात त्या म्हणजे थोड्याच. बाकी सगळा संसार जमिनीवर असतो. अंडी, अळ्या, कोष, सगळं फटीत आणि अंथरुणात. म्हणून नुसती कुत्री धुऊन काही होत नाही. कुत्री, माणसं आणि घर, तिन्हींचं एकदम करावं लागतं.

दुसरी गोष्ट, शत्रू कुठे बसलाय ते आधी कळू दे. त्यासाठी आमच्या धंद्यातली जुनी युक्ती सांगतो. गुडघ्यापर्यंत येणारे पांढरेशुभ्र मोजे घाल आणि प्रत्येक खोलीत पाच मिनिटं पाय घासत फीर. पिसवा उबेला उडी मारतात आणि पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यासारख्या दिसतात. त्या मोज, साबणाच्या पाण्यात झटक, आकडा लिही, पुढच्या खोलीत जा. सगळे आकडे मला कळव.

दादा


११ फेब्रुवारी

दादा,

गिरणीतली झुरळं तुला बहिणीपेक्षा जवळची झाली. ठीक आहे. लक्षात ठेवीन.

तीस वर्षं म्हणत होतास, एकदा बोलव चिमे, एका दुपारी घर स्वच्छ करून देतो. बोलावलं तर वेळ नाही! माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की पत्र फाडणारच होते. पण मोज्यांचं त्यात लिहिलेलं होतं, म्हणून ठेवलं.

गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे या वयात माझ्याकडे कुठले? समोरच्या निवृत्त नर्सबाईंकडून आणले. त्यांनी कारण विचारलं. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून म्हटलं पायाला वात आलाय. आता त्या रोज सकाळी तेल घेऊन येतात.

मोजे घालून सगळ्या घरात पाय घासत फिरले. तू म्हणालास तशी, पाच-पाच मिनिटं. सगळं झाल्यावर बघते तर मोजे कोरे करकरीत! एकसुद्धा ठिपका नाही! आनंदाने टाळ्या पिटणार होते, तेवढ्यात मागे वळून बघितलं. अकराच्या अकरा कुत्री माझ्यामागून रांगेने पाय घासत येत होती, आणि सगळ्यांत शेवटी हवालदार. हवालदार म्हणजे तो भला थोरला काळा, ज्याचे मालक जहाजावर असतात. थांबल्याबरोबर सगळी एकदम खाजवायला बसली.

मग हवालदाराने डावा मोजा ओढून नेला. अजून सापडलेला नाही.

तुझी युक्ती तुला लखलाभ.

चिमी


१३ फेब्रुवारी

चिमे,

कार्डावरच लिहितोय, कारण हसून हसून पेन धरवत नाही.

अगं बाई माझ्या, केसाळ गरम कुत्रं शेजारी उभं असताना पिसू तुझ्या पायावर कशाला येईल? कुत्र्यांना अंगणात बांध, मग फीर. आणि घराचा नकाशा काढून पाठव. प्रत्येक जागेचा आकडा त्या-त्या जागी लिही. झोपायच्या जागा, जायच्या-यायच्या वाटा, सगळं. गाळू नकोस काही.

नवे मोजे पाकिटातून पाठवतोय. दोन जोड. एक हवालदाराला.

दादा


१९ फेब्रुवारी

दादा,

मोजे मिळाले. राग अर्धा गेला. उरलेला राखून ठेवलाय.

आता नीट सांगते. परवा डॉक्टरीणबाई येऊन अकराही जणांच्या मानेवर औषधाचे थेंब घालून गेल्या. याला मात्र मी नाही म्हटलं नाही, कारण ते वजन करून, प्रत्येकाला मोजून दिलेलं असतं, तुझ्या धुरासारखं सरसकट नव्हे. त्या लहानग्या भुऱ्या पिल्लाच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं त्यांना दिसलं. जंत! कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं आणि तिच्यातून जंत पोटात जातात, हे मला बावीस वर्षांत ठाऊक नव्हतं. लहान मुलांनाही होऊ शकतात म्हणे. शिंपीकाकांची नात दिवसभर त्या पिल्लाशी खेळत असते. ते ऐकलं आणि काकांवरचा माझा राग जागच्या जागी विरला. गेले, त्यांच्यापुढे हात जोडले, म्हटलं, अर्ज केलात ते बरोबरच केलंत, आधी नातीला डॉक्टरांकडे न्या. काका इतके गोंधळले की त्यांनी मला चहा पाजला. नात ठणठणीत आहे, काळजी नको.

चार दिवस अंथरुणं कडकडीत पाण्यात धुतेय आणि उन्हात घालतेय. व्हॅक्यूम क्लीनर सकाळ-संध्याकाळ. पिशवी लगेच बांधून बाहेर. बारीक फणीने एकेकाला विंचरतेय. सगळ्यांना आवडतं, फक्त हवालदार नवरदेवासारखा लाजतो.

मोज्यांचे आकडे नकाशावर लिहिलेत. पुढची खोली, म्हणजे मी झोपते ती, तीन. स्वयंपाकघर एक. लहान कुत्र्यांची खोली सहा, मोठ्यांची आठ. न्हाणी शून्य. पॅसेजच्या पुढच्या अर्ध्यात दोन. मागच्या टोकाला एकतीस.

एकतीस! दोनदा मोजल्या. तिथे कुत्री जातही नाहीत.

आणि एक विचारू? पानंच्या पानं लिहितोस, पण फवारणीचा उल्लेख एकदाही नाही. पूर्वी तुला साधी मुंगी दाखवली तरी पंपाकडे हात जायचा. तब्येत बरी आहे ना?

चिमी


२२ फेब्रुवारी

चिमे,

तब्येतीला काय धाड भरलीय. फवारणीचं म्हणालीस म्हणून सांगतो, कोषातल्या पिसूला फवारा लागतच नाही. म्हणून लिहिलं नाही, एवढंच.

आता नकाशाकडे बघ. मी सकाळपासून बघतोय, आणि भागीदाराला वाटतंय मला वेड लागलं. कुत्री जिथे झोपतात तिथे सहा आणि आठ, आणि जिथे जातही नाहीत तिथे एकतीस. चिमे, पिसवा तिथे राहत नाहीत, तिथून बाहेर पडतायत. पॅसेजच्या त्या टोकाला तू एक दार काढलंयस. बाकी प्रत्येक दारावर नाव लिहिलंस, त्याच्यावर काहीच नाही. आतला आकडाही नाही. मी गाळू नकोस म्हटलं होतं.

ती खोली बंद असते ना? किती दिवसांपासून?

का विचारतो ते सांगतो. पिसूची अळी कोष करून आत निजते. मग वाट बघते. महिनोन् महिने बघते. घरात कुणी नसेल तर बाहेर येऊन खाणार काय? म्हणून पावलांची धडधड जाणवली, कुणाची ऊब आली, श्वास लागला, की मगच कोष फोडते. बंद घर उघडल्यावर लोकांना पहिल्याच दिवशी डझनांनी पिसवा चावतात त्या यामुळे. तुझ्या पॅसेजमधून कुत्री धावली की हादरे त्या खोलीत जातात, आतल्या जाग्या होतात आणि दाराखालच्या फटीतून तुझ्याकडे येतात.

तू घर कितीही घास, ती खोली बंद आहे तोवर हे संपायचं नाही. दार उघड. मोजे घालून आत जा. पाय आपट, व्हॅक्यूम फिरव, पुन्हा पाय आपट. त्यांना उठवायचंय आणि उठल्या की गोळा करायचंय. आणि खोलीत आहे काय ते मला लिही.

दादा


२५ फेब्रुवारी

दादा,

दार उघडलं. आत पाऊल टाकलं आणि मोजे गुडघ्यापर्यंत काळे झाले. मोजल्या नाहीत. बादलीत पाय घालून रडत बसले, आणि ते पिसवांमुळे नव्हतं.

खोलीत काय आहे विचारतोस? तुझा पलंग आहे. खिडकीशी, कारण तुला वारा लागतो. तुझ्या पायांना फरशी गार लागते म्हणून जाडजूड गालिचा आहे. निळे पडदे आहेत, रंग तूच सांगितला होतास. मागच्या वर्षी म्हणालास, पाऊस संपला की दुकान भागीदाराच्या हवाली करतो आणि तुझ्याकडे कायमचा येतो. मी भिंतींना स्वतः रंग दिला. मग सप्टेंबरात तुझी दोन ओळींची चिठ्ठी आली, ‘यायचं रद्द. कारण विचारू नकोस.’ नाही विचारलं. मीही तुझीच बहीण.

त्याच सुमाराला एक मांजर खिडकीतून येऊन तुझ्या गालिच्यावर व्याली. पिल्लं चालायला लागली तशी त्यांना घेऊन गेली. मी खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली डब्यात टाकली. साफ केली नाही, कारण साफ कुणासाठी करायची? तेव्हापासून ते दार नाहीच असं मी धरून चाललेय. नकाशावरही म्हणूनच काही लिहिलं नाही. झाली माझी चूक. परवाना जायची वेळ आली तरी मला ते दार आठवू नये, म्हणजे कमालच आहे.

आता तुझं ऐक.

काल मी तुझ्या दुकानात फोन केला. आवाज बदलून. शिंपीकाकांच्या दुकानातून, म्हणजे मागे कुत्री नकोत. म्हटलं, मी एक साधं गिऱ्हाईक बोलतेय, पिसवा झाल्यात, मोठ्या काकांनाच पाठवा. भागीदार म्हणाला, “बाई, काका आता फवारणीला जात नाहीत. छातीचा त्रास आहे, सप्टेंबरपासून डॉक्टरांनी पंपाला हात लावायला बंदी केलीय. मी येऊ का?”

दादा! गिरणी कुठली, वसतिगृह कुठलं, आणि वकिलांची वाळवी कुठली? पत्रच लिही हे फर्मानही म्हणूनच ना? फोनवर खोकला ऐकू आला असता म्हणून! आणि मी बिचाऱ्या कुत्र्यांवर डाफरले.

मी रागावले आहे. खूप. काय औषध चालू आहे ते उलटटपाली कळव.

चिमी


१ मार्च

चिमे,

पकडलंस.

भागीदार सांगत होता, एका बाईंचा फोन आला, आवाज काढत होत्या घोगरा पण ओरडत होत्या वरच्या पट्टीत. तेव्हाच मला शंका आली होती.

गिरणी, वसतिगृह आणि वकील खरे आहेत. फक्त तिथे तो जातो. मी गल्ल्यामागे खुर्चीत बसतो, फोन घेतो आणि लोकांना सांगतो की माणूस पाठवतो. सकाळ-संध्याकाळ एक फवारा तोंडात घ्यायचा असतो. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात फवारे मारले, आता डॉक्टर माझ्या घशात मारायला लावतात. हस तू. खोकला पुष्कळ कमी आहे. काळजीचं नाही, शपथ.

तुला का नाही सांगितलं? तू म्हणशील हट्ट. हट्ट नाही गं. तिकडे येऊन तुझ्या भागात छोटी छोटी कामं धरीन, घरात चार गोष्टी मी करीन, चार तू करशील, असं मनात होतं. मग पंपच गेला. पंपाशिवायचा मी म्हणजे खुर्चीत बसून खोकणारा एक म्हातारा. तुझ्याकडे अकरा जीव आधीच आहेत, ज्यांना वेळेवर खायला घालावं लागतं आणि डॉक्टरकडे न्यावं लागतं. बारावा कशाला? आणि ज्या दिवशी तू तीस वर्षांनी पंप घेऊन ये म्हणालीस, नेमकी तेव्हाच मला पंप उचलायची बंदी होती. ते पत्र मी भागीदाराला वाचून दाखवलं हे खरं. नंतर मागच्या खोलीत जाऊन बसलो हे लिहिलं नव्हतं.

पडदे निळे लावलेस हे मला माहीत नव्हतं.

बरं, कामाचं. गालिचा उन्हात टाक, जमला तर फेकूनच दे. खोलीत दिवसातून चारदा जा, पाय आपट, व्हॅक्यूम कर, फटी साबणाच्या पाण्याने पूस. रोज थोड्या निघतील, रोज थोड्या कमी होतील. पण खरं सांगतो, १० तारखेपर्यंत सगळं संपणार नाही. कोष एकदम फुटत नाहीत. तीन आठवडे, कदाचित चारही, त्या खोलीत माणसाचा रोजचा वावर लागेल. बाईंपासून लपवू नकोस. चांगली निरीक्षक असेल तर तिला कळेलच.

दादा


१० मार्च

दादा,

निरीक्षकबाई आत्ताच गेल्या. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

जवळजवळ दोन आठवडे मी त्या खोलीत पाय आपटतेय. शिंपीकाकांना वाटलं मी नाच शिकतेय. परवा त्यांनी भिंतीपलीकडून ताल धरला. गालिचा गेला. फरशी इतकी घासली की तिचा रंग मुळात कुठला होता ते मलाच पहिल्यांदा कळलं.

बाई ठेंगण्याशा, चष्मा कपाळावर, बोलणं एकदम तुटक. आल्या, खुर्ची नको म्हणाल्या, आणि बॅगेतून काय काढावं? गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे! मला हसू आवरेना. त्यांनी विचारलं, “काय झालं?” म्हटलं, “काही नाही, माझा भाऊ आठवला.”

पुढची खोली शून्य. स्वयंपाकघर शून्य. दोन्ही कुत्र्यांच्या खोल्या शून्य, शून्य. पॅसेजच्या टोकापर्यंत शून्य! त्या दारापाशी त्या थांबल्या आणि वहीत काहीतरी लिहायला लागल्या. त्यांना वाटलं असावं कपाट आहे. गप्प बसले असते तर काम झालं होतं. शिक्का हातात होता त्यांच्या.

दादा, मला नाही राहवलं. म्हटलं, बाई, एक खोली राहिलीय.

आत गेल्या. पाच मिनिटं. बाहेर आल्या तेव्हा मोज्यांवर तीन. त्या म्हणाल्या, “तीन म्हणजे कोष उरलेत. नियमाने मी आजच परवाना थांबवायला हवा.” मी म्हटलं, थांबवा. बावीस वर्षांत लोकांना खोटं सांगून कुत्रं ठेवून घेतलं नाही, आज सुरुवात करायची नाही. मग त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि विचारलं, ही खोली बंद का होती? सांगितलं सगळं. पलंग, पडदे, मांजर, पंप, सगळं. एकदा तोंड उघडलं की मी थांबते का?

ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तीन आठवड्यांची मुदत देते. एका अटीवर. खोली वापरात हवी. नुसतं येऊन-जाऊन नाही, कुणीतरी तिथे झोपलं, उठलं, वावरलं पाहिजे. तुम्ही स्वतः नाही. रात्री तुम्ही कुत्र्यांजवळच असायला हव्यात, तोही नियम आहे. आहे का कुणी?”

मी म्हटलं, आहे.

त्यांनी फॉर्म पुढे केला. त्यात दोन रकाने. खोलीत राहणाऱ्या व्यक्तीशी नातं, आणि त्या व्यक्तीचं काम. नात्यापुढे मी लिहिलं, थोरला भाऊ. कामापाशी जरा अडले. पेस्ट कंट्रोल लिहावं तर खोटं, निवृत्त लिहावं तर तुला आवडलं नसतं. मग लिहिलं, ‘या घरात राहणे’. बाईंनी वाचलं, खाली सही केली आणि विचारलं, “कधीपासून?” मी म्हटलं, रविवारपासून.

तुला न विचारता सांगितलंय. सरकारी कागद आहे. रविवारी तू त्या पलंगावर नसलास तर पाळणाघर बंद, आणि दोष तुझा.

आणि हे धमकी म्हणून वाचू नकोस. परवान्याची भीती नसती तरी मी हेच लिहिलं असतं, फक्त इतकी हिंमत झाली नसती. मला तू इथे हवा आहेस. खोकत, कुरकुरत, जसा असशील तसा.

चिमी


१२ मार्च

चिमे,

तुझं पत्र सकाळी आलं. दुपारी डॉक्टरांकडे गेलो. विचारलं, एका घरात अकरा कुत्री आहेत, छातीला चालेल का? त्यांनी तपासलं, म्हणाले, केसांनी त्रास झालाच तर बघू, पण पंप मात्र जन्मात नाही. मी म्हटलं, तिथे पंपाला बंदीच आहे, पाटी लावलीय फाटकावर.

संध्याकाळी पंप भागीदाराला दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि रडायलाच लागला वेडा. मी रडलो नाही. थोडासा.

सामान दोन बॅगा आहे. एक कपड्यांची, एक औषधाची. पिसवांसाठी काहीही आणत नाही. आता मी स्वतःच येतोय म्हटल्यावर त्यांना आणखी काय हवं? ऊब मी देईन, श्वास मी देईन, पावलं मी वाजवीन, आणि उठल्या की व्हॅक्यूम तू फिरव. चावल्या तर चावू देत. तीस वर्षांत मला चावली नाही अशी पिसू अजून जन्मायची आहे.

फॉर्मवर लिहिलंस ते काम मला जमेल की नाही माहीत नाही. आजवर सगळ्यांनी मला घरात बोलावलं ते काहीतरी मारण्यासाठी. काम झालं की लोक दार लावून घ्यायचे आणि खिडक्या उघडायचे. नुसतं राहायला कुणी बोलावलं नव्हतं. तेव्हा पहिल्या आठवड्यात चुका होतील, सांभाळून घे.

रविवारी सकाळी अकराची गाडी. तू स्टेशनवर येऊ नकोस, कुत्र्यांना एकटं ठेवायचं नाही, बॅगा जड नाहीत, रस्ता मला पाठ आहे.

खरं सांगू? ये.

दादा